व्यत्ययाचे मानकरी

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. तरीही प्रक्षेपण या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार आहे, कारण वयाच्या सातव्या वर्षी मी या खात्यात नोकरी केली आहे. पगार नव्हता. ड्यूटी मात्र दर रविवारी सकाळी असे.

25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि गडमुडशिंगीच्या आमच्या घरात निम्मी गल्ली येऊन बसू लागली. आमचे आण्णा दोन-चार कौले फोडून छपरावर चढत आणि अँटेनाचा खांब धरून उभे राहत. मी अंगणात. आतली बातमी वर पोचवायची, एवढेच माझे काम.

"आलं काय रं?"

"आलं, आलं! ...गेलं!"

"कुणीकडं फिरवू?"

"जरा हुपरीकडं! ...लई झालं, परत कोल्हापूरकडं घ्या!"

एका रविवारी मारुतीची शेपटी पेटली आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्या गेल्या तेव्हा लंका जळून खाक झाली होती. आधीचे कितीतरी रविवार चित्र स्वच्छ दिसले, तेव्हा आण्णांचे नाव कोणी काढले नव्हते. त्या दिवशी मात्र शेजारच्या आजींपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांनी त्यांचा उद्धार केला. मला तेव्हाच कळून चुकले, की चित्र आले तर ते रामानंद सागरांचे आणि गेले तर इंजिनियरचे!

रेडिओची तीच तऱ्हा. 6 ऑक्टोबर 1963 रोजी आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. निवेदकांचे आवाज घरोघरी ओळखीचे झाले. पण भल्या पहाटे येऊन ट्रान्समीटर चालू करणाऱ्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक आहे? त्याचे अस्तित्व कळते ते रेडिओ मुका झाल्यावर.

दूरदर्शनवाल्यांचे हाल तर विचारू नका. 1984 साली देशभर लहान ट्रान्समीटर बसवण्याचा सपाटा लागला. काही महिने तर सरासरी रोज एक! या ट्रान्समीटरची शक्ती किती? शंभर वॅट. आमच्या माजघरातला दिवाही शंभराचाच होता आणि त्याचा उजेड न्हाणीपर्यंत पोचत नसे. इथे मात्र वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावांनी स्वच्छ चित्राची अपेक्षा धरायची!

या लहान केंद्रांना दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहाकडून मिळे. पहिला इन्सॅट-1 ए हा 10 एप्रिल 1982 रोजी आकाशात गेला, आणि गेल्या गेल्या त्याची एक अँटेना उघडेना. आण्णा छपरावर चढत. छत्तीस हजार किलोमीटरवर कोण चढणार? जमिनीवरच्या इंजिनियरांनी उपग्रहाच्याच छोट्या इंजिनांचे झोत त्या अँटेनावर मारून ती उघडवली. 15 ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, चित्रे रंगीत झाली. तोंड पृथ्वीकडे राहावे म्हणून उपग्रहाला पृथ्वी हुडकणारे डोळे बसवले होते. सप्टेंबरात त्या डोळ्यांपुढे नको त्या वेळी चंद्र आला. उपग्रहाचे भान सुटले, तोल सावरण्याचे इंधन संपले आणि 6 सप्टेंबरला त्याचा नाद सोडावा लागला. चंद्र पाहून भल्याभल्या कवींचा तोल जातो, तिथे यंत्राची काय कथा!

30 ऑगस्ट 1983 रोजी निघालेल्या इन्सॅट-1 बी ने मात्र वर्षानुवर्षे निमूट काम केले. म्हणूनच तो आज कोणाला आठवत नाही.

पण एका गोष्टीपाशी माझे हसू थांबते. 1942 च्या 'छोडो भारत' आंदोलनात बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवला. 27 ऑगस्टपासून 42.34 मीटरवर तो बोलू लागला. पोलीस मागावर, म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवायचा. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. त्यांना वाट दाखवणारा होता यंत्र तयार करणारा तंत्रज्ञच! ज्याच्या हाताने रेडिओ बोलू लागला, त्याच्याच तोंडाने तो बंद पडला. उषाबेनना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. ज्यांची नावे आपण विचारत नाही, त्यांच्या हातात केवढे काय असते, हे तेव्हा कळते. आणि बाकीचे असंख्य जण इमानाने खांब धरून उभे असतात, हेही.

बँकेत माझे तरी वेगळे काय? हजार व्हाउचरे जुळली तर साहेब मान वर करत नाहीत. दहा रुपयांचा फरक पडला की अख्ख्या शाखेला माझे नाव पाठ!

आता तो खांब दोरी बांधून कपडे वाळत घालण्याच्या कामी आला आहे. परवा मोबाईलवर जुने 'रामायण' लावले आणि ऐन लंकादहनात पडद्यावर चकती गरगरू लागली. ऐंशीच्या घरातले आण्णा सवयीने खुर्चीतून अर्धे उठले.

"कुणीकडं फिरवू?"

मी त्यांना बसवले आणि म्हणालो, "आण्णा, तवा चित्र लई झ्याक यायचं हो."

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग तवाच का नाही बोललास रं?"