ज्यांना दुखतच नाही

अंगात टाचण्या टोचून घ्यायच्या आणि चेहऱ्यावर काहीच दिसू द्यायचे नाही, असा खेळ करणारा एक माणूस अमेरिकेत होता. लोक तो तिकीट काढून पाहात. १९३२ साली डॉ. डिअरबॉर्न यांनी त्याची वैद्यकीय नोंद केली. त्यात हातचलाखी नव्हती, धैर्यही नव्हते. त्याला जन्मापासून कधी दुखलेच नव्हते!

आपल्याला वाटेल, केवढा भाग्यवान! पण मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील एका विद्यार्थिनीची हकीगत ऐका. डॉक्टरची मुलगी, हुशार. लहानपणी घास चावताना तिने जिभेचे टोकच तोडले. खिडकीबाहेर बघायला तापलेल्या रेडिएटरवर गुडघे टेकले. ते भाजले तरी तिला पत्ता नाही. तरीही खरा घात अपघातांनी केला नाही. आपण उभे असताना नकळत भार या पायावरून त्या पायावर घेतो, झोपेत कूस बदलतो. सांधे कुरकुरतात म्हणून. तिचे सांधे कधी कुरकुरलेच नाहीत. गुडघे, खुबे, मणका झिजत गेले, जंतुसंसर्ग हाडांत शिरला आणि २९व्या वर्षी ती गेली. शेवटच्या महिन्यात मात्र डावा खुबा दुखतो, असे ती म्हणू लागली होती. वेदनाशामक गोळ्यांनी तिला आरामही पडे.

पुढे तसाच खेळ उत्तर पाकिस्तानात दिसला. दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चाले, दंडात सुऱ्या खुपसून दाखवी. संशोधक त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच, चौदाव्या वाढदिवशी, त्याने घराच्या छपरावरून उडी मारली आणि तो दगावला. मग त्याच भागातील तीन घराण्यांतील सहा जणांची तपासणी झाली. स्पर्श, ऊन-गार, गुदगुल्या सारे त्यांना कळे. दुखणे तेवढे नाही. सगळ्यांच्या ओठांवर किंवा जिभेवर स्वतःच्याच दातांच्या जखमा होत्या. २००६ साली दोष सापडला: एससीएन९ए या जनुकात. वेदनेचा संदेश पुढे धाडणारी चेतातंतूंतील सोडियमची वाट त्यामुळे बंदच राहते. आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच हा विकार होतो. त्यामुळे नात्यातल्या लग्नांत तो अधिक आढळतो.

औषध कंपन्या अर्थातच या वाटेमागे लागल्या. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सुझेट्रिजिन तिच्याच एका भावंड वाटेवर काम करते. ते दुखणाऱ्यांसाठी. न दुखणाऱ्या मुलांच्या आयांना अजूनही रोज तळपाय, डोळे, तोंड तपासावे लागते आणि अंघोळीच्या पाण्यात आधी आपला हात घालून पाहावा लागतो.