आनंदीबाई जोशी आपल्याला कुणामुळे कळल्या? चरित्रकार काशीबाई कानिटकर यांची गोष्ट

कोल्हापुरात ‘सीपीआर’ कुठे आहे, हे कुणालाही विचारा, लगेच सांगतील. छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयाचं जुनं नाव होतं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली याच दवाखान्यातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी कोल्हापूर संस्थानाने एका २१ वर्षांच्या मुलीला देऊ केली होती. तिचं नाव डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई ते काम हाती घेऊ शकल्या नाहीत. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहिलेलं नाही. मग त्यांच्याबद्दल इतकं सगळं आपल्याला कसं माहीत?

याचं मोठं श्रेय जातं काशीबाई कानिटकर यांना.

काशीबाई कोण होत्या?

काशीबाई माहेरच्या बापट. जन्म १८६१चा, म्हणजे आनंदीबाईंपेक्षा त्या चार वर्षांनी मोठ्या. लग्न नवव्या वर्षी झालं. शाळा पाहिलेली नाही. सुनेने हातात पुस्तक धरणं घरात कुणाला रुचत नव्हतं, पण पती गोविंद वासुदेव कानिटकर यांना शिकलेली बायको हवी होती. त्यामुळे काशीबाईंनी चोरून-मारून वाचन वाढवलं. हेच गोविंदराव पुढे न्यायखात्यात नोकरीला लागले, कवी म्हणून ओळखले गेले आणि जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्त्रियांच्या परवशतेवरचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

त्या काळी वर्तमानपत्रं आणि मासिकं हा बहुतांशी पुरुषांचा प्रांत होता. काशीबाईंचं लेखन सुरू झालं ते तिथेच. पूर्वीच्या आणि त्या वेळच्या स्त्रियांची तुलना करणारा त्यांचा निबंध १८८१ साली प्रार्थना समाजाच्या ‘सुबोध पत्रिके’त आला. ‘रंगराव’ ही कादंबरीही आधी मासिकातून आली, पुस्तक १९०३ साली निघालं. १९२८च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये तर त्यांनी बायकांच्या हातात संस्थानाचा कारभार देऊन पाहिला.

कोल्हापूरचा धागा

आनंदीबाईंच्या अमेरिकावारीची सुरुवातही कोल्हापूरशी जोडलेली आहे. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. बायकोच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी अनेक वर्षं कोल्हापुरात मिशनचं काम केलं होतं आणि आता ते अमेरिकेत एक नियतकालिक चालवत होते. त्यांनी तो पत्रव्यवहार छापला. १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे अमेरिकेत आनंदीबाईंना घर मिळालं ते याच बाईंचं.

दोन बायकांनी लिहिलेली दोन चरित्रं

आनंदीबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्यांचं इंग्रजी चरित्र बोस्टनहून प्रसिद्ध झालं. लेखिका होत्या कॅरोलिन हीली डॉल. १८५०च्या दशकात स्त्री-हक्कांसाठी निघालेल्या ‘द ऊना’ या पत्राच्या संपादनात त्यांचा हात होता आणि एका स्त्री डॉक्टरच्या जीवनकथेचं पुस्तक त्यांनी १८६० सालीच काढलं होतं.

मराठीत हे काम काशीबाईंनी केलं. त्यांच्या पुस्तकात चरित्राबरोबर आनंदीबाईंची पत्रंही आहेत. १९१२ सालची आवृत्ती अभ्यासक आजही उघडतात, ती या पत्रांसाठी.

पत्रं इतकी महत्त्वाची का?

‘बायकोला शिकवणारा, थोडा विक्षिप्त नवरा’ ही गोपाळरावांची ओळख आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली आणि त्याच नावाचा सिनेमा २०१९ साली. दोन्ही लोकांना आवडले. पण कादंबरी आणि सिनेमा म्हणजे पुरावा नव्हे.

अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई लहानपणीच्या मारहाणीची आठवण स्वतः करून देतात. कोणत्या वयात काय फेकून मारलं, केव्हा सोडून जाण्याची धमकी दिली, हे त्या मोजून सांगतात. हे वागणं चांगलं की वाईट, याचा निवाडा करणं आपल्यालाही अवघड आहे, असंही म्हणतात. उपकाराची जाणीव आणि अन्यायाची जाणीव एकाच पत्रात आहे.

गौरवग्रंथच काढायचा असता, तर असा मजकूर सहज गाळता आला असता. तो छापला गेला, म्हणून आनंदीबाई आपल्याला पतीच्या जिद्दीचं फळ म्हणून नव्हे, तर स्वतःचा विचार करणारी बाई म्हणून भेटतात.

आणि काशीबाईंचं काय?

१९४८ साली त्यांचं निधन झालं. त्यांनी लिहिलेल्या आठवणींचं संपादन करून सरोजिनी वैद्य यांनी त्यांचं आत्मचरित्र आणि चरित्र एकत्र वाचकांपुढे आणलं. पुढे मीरा कोसंबी यांनी त्यांचं लेखन इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं. एका बाईचं आयुष्य जपून ठेवणाऱ्या काशीबाईंचं आयुष्यही बायकांनीच जपून ठेवलं.

३१ मार्चला, आनंदीबाईंच्या जयंतीला, त्यांचा फोटो मोबाइलवर फिरू लागेल. तो पुढे पाठवताना काशीबाईंचं नावही जरूर लिहा.