शिसव : मुंबईच्या खुर्चीपासून गिटारच्या पट्टीपर्यंत

गिटारच्या मानेवर पडदे बसवण्याची पट्टी जड, कठीण लाकडाचीच हवी. बोटांच्या घर्षणाने ती झिजता कामा नये. पूर्वी हा मान ब्राझीलच्या रोजवुडला होता. १९६० च्या दशकाअखेर तेथील ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आली, तेव्हा अमेरिकेतील मार्टिनसारखे वाद्यनिर्माते भारतीय शिसवाकडे वळले.

सह्याद्रीतही वाढणारे हेच झाड. १९ व्या शतकात त्याच्या कोरीव खुर्च्या ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने युरोपात पोहोचल्या होत्या. गिटारवाल्यांना ते तसे उशिराच गवसले!

जानेवारी २०१७ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने शिसवाच्या व्यापाराला परवाना लावला. त्यामुळे परदेशातून लाकूड मागवणाऱ्याला रेषांआधी पुरवठादाराचे कागद तपासावे लागू लागले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. पट्टीसाठीचे कोरे लाकूड मात्र परवान्याच्या कक्षेतच राहिले.