शिकारी पक्ष्यांची वासंतिक गणना : चांदवडची डोंगरधार

दख्खनच्या पठारावर हिवाळा काढून उत्तरेकडच्या वीणक्षेत्रांकडे परतणारे गरुड, भोवत्या, खरूची, ससाणे हे पक्षी उंच डोंगरधारेवरून, ठरावीक तास बसून जातवार मोजण्याची पद्धत. अशा गणनेचे सर्वांत जुने व नामांकित ठिकाण म्हणजे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले हॉक माउंटन. तेथे १९३४ पासून, मात्र शरद ऋतूत, मोजणी होते. वसंतातल्या मोजणीसाठी इस्रायलमधील एलात प्रसिद्ध आहे. भारतातले अभ्यासलेले उदाहरण हिमाचलातील धरमशालेचे. यान डेन बेस्टेन यांनी तेथे २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात मोजणी केली. स्टेपी गरुड शरदात हिमालयाच्या कडेने पश्चिमेकडे आणि वसंतात पूर्वेकडे जातात, हे तीतून दिसले. या ठिकाणांचा हिशेब जसाच्या तसा नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला लावला तर निराशाच पदरी येईल. चांदवडच्या धारेचे मोल किती पक्षी मोजले यात नाही, मोजणीच्या तासांचा हिशेब कसा ठेवला यात आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

चांदवडचे डोंगर सातमाळा रांगेत मोडतात. ही रांग सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे सरकते. सप्तशृंगी, धोडप, राजधेर, इंद्राई, चांदवड असे डोंगर आणि किल्ले तीवर आहेत आणि पुढे ती मनमाडच्या दिशेने जाते. दक्षिणेला गोदावरीचे खोरे, उत्तरेला गिरणेचे. महत्त्वाची गोष्ट ही, की रांग पूर्व-पश्चिम आहे आणि वसंतातला पक्षी साधारण उत्तरेला निघालेला असतो. हॉक माउंटनची रांग प्रवासाच्या दिशेलाच समांतर पसरलेली आहे. वारा तिच्या उतारावर आदळून वर उठतो आणि पक्षी तो उठाव धरून मैलोन्‌मैल धारेनेच सरकतात. एलातला वाळवंट आणि समुद्र यांच्यामुळे वाट अरुंद होते. चांदवडला यातले काहीच नाही. येथे धार वाटेत आडवी येते, पक्षी ती ओलांडतो आणि काही मिनिटांत राहुड घाटापलीकडे दिसेनासा होतो. चांदवडच्या टोलनाक्यावर महामार्गावरची प्रत्येक गाडी मोजली जाते, तसे आकाशाचे नाही. दक्षिणेकडच्या नांदूर मध्यमेश्वर पाणथळीच्या बाजूने निघालेला पक्षी चांदवडवरूनच जाईल असे कोणतेही बंधन त्याच्यावर नाही.

मग धारेवर बसायचे कशासाठी, हा आक्षेप रास्त आहे. उत्तराचा पहिला भाग हवेत आहे. मार्च-एप्रिलमध्ये काळे कातळकडे आणि दक्षिणेकडचे उघडे उतार सकाळी नऊ-दहानंतर भराभर तापतात, तेथून गरम हवेचे झोत, म्हणजे पक्षिनिरीक्षकांच्या बोलीत थर्मल, उठतात. गरुडासारखे रुंद पंखांचे पक्षी त्यांवर घिरट्या घेत उंची कमावतात आणि मग पंख न हलवता पुढच्या झोताकडे घसरत जातात. म्हणजे सपाट शेतीपेक्षा धारेपाशी ते थांबण्याचा संभव अधिक. मात्र यातच एक पेच आहे. दुपारी थर्मल सर्वांत जोरात असतात, तेव्हा पक्षी इतके उंच जातात की निरभ्र निळ्या आभाळात चांगल्या दुर्बिणीलाही सापडत नाहीत. पांढरा ढग मागे असेल तर ठिपका दिसतो. दुपारी एकची नोंद शून्य आली म्हणून प्रवास थांबला असे समजणे चूक, आणि ढगाळ दिवशी आकडा वाढला म्हणून पक्षी वाढले असे समजणे त्याहून मोठी चूक. म्हणून प्रत्येक तासासमोर ढग, वारा, दृश्यता आणि किती डोळे आभाळात होते हे लिहिलेले नसेल, तर एकूण बेरीज निरर्थक आहे.

दुसरी अडचण ओळखीची आणि स्थानिक पक्ष्यांची. घारी, तिसा, शिक्रा, मोरघार वर्षभर येथेच असतात आणि त्याच कड्यावर दिवसातून अनेकदा फिरतात. उपाय साधा आहे : इंद्राई ते चांदवडचा किल्ला अशी एक कल्पित रेषा धरायची, ती दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडून परत न आलेलाच पक्षी मोजायचा. भोवत्या पंख उथळ ‘व्ही’सारखे उचलून डुलत, बऱ्याचदा शेतांवरून खालून जातो. पांढुरका आणि माँटेग्यू या दोन भोवत्यांच्या माद्या दुरून वेगळ्या करणे अनुभवी माणसालाही जड जाते. दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. अशा वेळी ‘भोवत्या, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. खात्रीचा आव आणून भरलेला रकाना पुढच्या दहा वर्षांच्या तुलनेला नासवतो.

आणखी एक आक्षेप असा, की भोवत्यांसाठी गुजरातेतल्या वेळावदरसारख्या गवताळ प्रदेशातल्या रातथाऱ्यांवर, म्हणजे रात्री एकत्र विसावण्याच्या जागांवर, मोजणे अधिक सोपे. ते खरेच आहे. भारतातल्या अशा रातथाऱ्यांच्या सुमारे ३० वर्षांच्या नोंदींचे संकलन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात घटीचा कल स्पष्ट होता. परंतु रातथारा हिवाळ्याचा हिशेब देतो. परतीच्या वेळी धारेवर दिसतो तो हिवाळ्यातली उपासमार, विजेच्या तारा, जनावरांची विषारी मढी यांतून वाचलेला पक्षी. स्टेपी गरुड मढ्यांवरही जगतो आणि २०१५ पासून तो जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. मढी विषारी करणाऱ्या गुरांच्या औषधांपैकी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये आणि किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. बंदीचा परिणाम दिसायचा असेल तर वसंतातल्या तासागणिक दराची मालिका हवी, आणि ती चांदवडसारख्या कमी गर्दीच्या ठिकाणीही उपयोगी पडते, कारण दर लहान असला तरी पद्धत तीच राहिली तर बदल दिसतो.

उपग्रह-टॅग आल्यावर माणसाने उन्हात बसायचे कशाला, असेही विचारले जाते. २०१३ मध्ये नागालँडमध्ये ‘पांगती’, ‘नागा’ आणि ‘वोखा’ या तीन अमूर ससाण्यांना टॅग लावले, तेव्हा ते भारतीय द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात हे नकाशावर उमटले. परतीला एप्रिलच्या अखेरीपासून मेमध्ये ते पुन्हा समुद्र ओलांडून भारतात येतात. टॅग एका पक्ष्याची वाट अचूक सांगतो. किती पक्षी, कोणत्या तासाला, धारेपासून किती उंचीवरून, हे तीन-चार टॅग सांगू शकत नाहीत. नेमकी हीच माहिती पवनचक्क्यांच्या जागा ठरवताना लागते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल परिसरात पठारावर त्या मोठ्या संख्येने उभ्या आहेत. भारताने २०१६ मध्ये शिकारी स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर सही केली आहे, त्यामुळे ही माहिती हौसेचा भाग उरत नाही.

गणना करायची तर गरुडांसाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून, भोवत्यांसाठी मार्च-एप्रिल, अमूर ससाण्यांसाठी मे असा काळ धरावा. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, सकाळी आठ ते दुपारी चार, एकच जागा, किमान दोन माणसे आणि शून्याचाही रकाना भरलेला असावा. अशी पाच वसंतांची वही तयार झाली तरच चांदवडच्या आकड्यांची एलातशी किंवा धरमशालेशी तुलना करण्याचा प्रश्न येतो. तोवर ही तुलना करू नये.