काकेइबो

काकेइबो ही जपानमधील घरगुती जमाखर्चाची वही आणि त्या वहीच्या आधारे खर्चाचे नियोजन करण्याची पद्धत होय. पत्रकार व शिक्षणतज्ज्ञ मोतोको हानी (१८७३–१९५७) यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या छापील वहीमुळे या पद्धतीला निश्चित रूप आले. झालेला खर्च टिपून ठेवणे एवढाच तिचा हेतू नाही. खर्चापूर्वी तरतूद ठरविणे, खर्च होताच त्याची नोंद करणे आणि महिनाअखेरीस दोहोंचा ताळा पाहणे ही तिची तीन अंगे आहेत. यांतील पहिले अंग वगळल्यास उरते ती केवळ रोजकीर्द.

नाव

‘काकेइ’ म्हणजे घराची आर्थिक व्यवस्था आणि ‘बो’ म्हणजे नोंदवही. जपानी भाषेत हा शब्द कोणत्याही घरगुती हिशेबवहीस लावतात. जपानबाहेर मात्र तो बचतीच्या एका विशिष्ट पद्धतीचे नाव म्हणून रूढ झाला आहे.

पूर्वपीठिका

एदो काळात (१६०३–१८६८) जपानी व्यापारी ‘दाइफुकुचो’ नावाच्या वह्यांत हिशेब ठेवीत. पाश्चात्त्य हिशेबपद्धतीचा परिचय युकिची फुकुझावा यांनी १८७३ पासून प्रसिद्ध केलेल्या अनुवादित ग्रंथामुळे झाला.

घरगुती हिशेबाचे एक दुर्मीळ उदाहरण कागा संस्थानातील इनोयामा या सामुराई कुटुंबाचे आहे. हे कुटुंब पिढीजात हिशेबनीस होते. वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट कर्ज झाल्यावर त्यांनी घरातील मौल्यवान वस्तू विकल्या आणि १८४२ पासून घरच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. या नोंदी १८७९ पर्यंतच्या आहेत. इतिहासकार मिचिफुमी इसोदा यांनी त्यांवर लिहिलेले पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले आणि २०१० मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. मुलाच्या समारंभात प्रत्येक पाहुण्यापुढे खऱ्या ताई माशाऐवजी त्याचे चित्र मांडल्याचा प्रसंग या चित्रपटात आहे.

मोतोको हानी यांचे कार्य

मोतोको यांचा जन्म हाचिनोहे येथे झाला. त्यांनी ‘होची शिंबुन’ या वृत्तपत्रात काम केले. जपानमधील पहिल्या स्त्री-पत्रकार म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पती योशिकाझू हानी यांच्यासह त्यांनी १९०३ मध्ये ‘कातेइ नो तोमो’ (कुटुंबमित्र) हे मासिक सुरू केले. १९०८ पासून त्यांचे मासिक ‘फुजिन नो तोमो’ (स्त्रीमित्र) या नावाने निघू लागले. १९२१ मध्ये या दांपत्याने तोक्योमध्ये ‘जियू गाकुएन’ ही शाळा स्थापन केली. तिच्या आरंभीच्या इमारतीचा आराखडा वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट आणि अराता एंदो यांनी तयार केला होता.

काकेइबोचा सामाजिक अर्थ त्या काळातील कायद्याच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो. १८९८ पासून अमलात आलेल्या नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीस कर्ज काढणे, स्थावर मालमत्तेचा व्यवहार करणे अशा गोष्टींसाठी पतीची संमती आवश्यक होती. अशा स्त्रीच्या हाती या वहीने घराच्या पैशाची लेखी सूत्रे दिली. घर चालविणे हे नियोजनाचे व हिशेबाचे काम आहे आणि त्याला शिस्त व प्रशिक्षण लागते, ही मोतोको यांची भूमिका होती. मासिकाच्या वाचकांची ‘तोमो नो काइ’ (मित्रमंडळ) ही देशव्यापी संघटना १९३० मध्ये उभी राहिली. तिच्या सभासद स्त्रिया आजही एकत्र जमून हिशेब लिहिण्याचे मार्गदर्शन करतात. मोतोको यांच्या नावाची वही ‘फुजिन नो तोमो’ची प्रकाशनसंस्था अद्याप प्रसिद्ध करते.

स्वरूप

मोतोको यांच्या वहीत खर्चाची अनेक खाती असतात. अन्नाचा खर्च मुख्य धान्य, कालवणे व मसाले यांत विभागलेला असतो. शिवाय इंधन व दिवाबत्ती, निवास, कपडे, शिक्षण, आरोग्य, करमणूक, भेटीगाठी व देणेघेणे यांची स्वतंत्र खाती असतात. सार्वजनिक कार्यासाठीही एक खाते आहे. समाजासाठी द्यावयाची रक्कम उरल्यासुरल्या पैशांतून न देता तिची आधीच तरतूद करावी, हा त्यामागील विचार होय.

अलीकडच्या सुटसुटीत काकेइबोत चारच विभाग दिसतात: गरजा, हौस, संस्कृती (पुस्तके, नाटक, संगीत इत्यादी) आणि अनपेक्षित खर्च. तिच्यासोबत चार प्रश्न येतात: हाती किती रक्कम आहे, किती शिल्लक टाकावयाची आहे, खर्च किती होत आहे आणि त्यात सुधारणा कशी करता येईल. फुमिको चिबा यांच्या २०१७ मधील इंग्रजी पुस्तकामुळे काकेइबो हे नाव जपानबाहेर सर्वदूर पोहोचले. हे चार विभाग आणि मूळ वहीतील सविस्तर खाती एकच नव्हेत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

कार्यपद्धती

महिन्याच्या आरंभी उत्पन्नातून घरभाडे, हप्ते, विमा यांसारखे ठरलेले खर्च आणि शिल्लक टाकावयाची रक्कम वजा केली जाते. उरलेली रक्कम दैनंदिन खर्चासाठी असते. शिल्लक शेवटी उरेल तेवढी न ठेवता आरंभीच बाजूला काढणे हे या पद्धतीचे मर्म आहे.

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत. एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न २,५०,००० येन, ठरलेले खर्च १,३०,००० येन आणि बचत ३०,००० येन असल्यास ९०,००० येन उरतात. तीस दिवसांच्या महिन्यात रोजची मर्यादा ३,००० येन होते. अठराव्या दिवसअखेर ५४,००० येनांऐवजी ५७,५०० येन खर्च झाले असतील, तर ३,५०० येनांची तूट दिसते. उर्वरित १२ दिवसांसाठी ३२,५०० येन, म्हणजे रोज सुमारे २,७०० येन राहतात. तूट महिना संपण्यापूर्वीच कळल्यामुळे ती भरून काढण्यास अवधी मिळतो.

नोंद हाताने करण्यावर परंपरेने भर दिला जातो. लिहिताना रक्कम पुन्हा एकदा नजरेखालून जाते आणि ती खरेदी गरजेची होती की हौसेची, हे ठरवावे लागते. महिनाअखेरीस एखाद्या खात्यात वारंवार तूट येत असल्यास दोन शक्यता तपासाव्या लागतात: खर्च अधिक झाला, की मुळातली तरतूदच अवास्तव होती. दुसऱ्या प्रसंगी काटकसर करून उपयोग होत नाही, तरतूद बदलावी लागते.

प्रसार

जपानी स्त्रियांच्या मासिकांनी नववर्षाच्या अंकासोबत काकेइबो पुरवणी म्हणून देण्याची प्रथा पाडली. अनेक घरांत पतीचे वेतन पत्नीच्या हाती येऊन त्यातून पतीस ‘कोझुकाई’ म्हणजे हातखर्च मिळण्याची रीत रूढ झाली. शासकीय कुटुंब-खर्च पाहणीतही निवडलेली कुटुंबे दैनंदिन खर्चाची वही भरतात. आता ‘झाइम’, ‘मनी फॉरवर्ड मी’ यांसारखी मोबाइल अ‍ॅप्सही वापरात आहेत. बँक खाते व कार्डाशी जोडल्यास काही अ‍ॅप्समध्ये नोंदी आपोआप होतात. त्यामुळे श्रम वाचतात, परंतु लिहिताना होणारा विचारही त्याबरोबर सुटण्याचा संभव असतो.

मर्यादा व टीका

काटकसरीचे फळ नेहमी काटकसर करणाऱ्याच्याच पदरी पडते असे नाही. १९३८ पासून जपान सरकारने युद्धासाठी राष्ट्रीय बचतीची मोहीम चालविली आणि तीत स्त्रियांच्या संघटनांना व शेजारमंडळांना सामील करून घेतले. युद्धानंतर भाववाढीने त्या बचतीचे मोल नाहीसे केले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बँकांतील ठेवीही गोठविण्यात आल्या. त्यानंतर १९५२ मध्ये बचतवृद्धीसाठी मध्यवर्ती समिती स्थापन झाली. तिच्या प्रचारातही काकेइबोला स्थान होते.

हिशेब ठेवण्याचा भार बहुतांशी स्त्रियांवरच पडला, असाही आक्षेप घेतला जातो. ज्या कुटुंबाचे जवळपास सर्व उत्पन्न घरभाडे, अन्न व औषधोपचार यांतच संपते, त्याला वहीतून खर्च स्पष्ट दिसतो. पण कमी करण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही. अनियमित मिळकत असणाऱ्यांना मासिक तरतूद ठरविणेही कठीण जाते. काकेइबो उत्पन्न वाढवीत नाही. असलेल्या उत्पन्नाविषयीचा निर्णय खर्चापूर्वी घेता यावा, एवढ्यापुरताच तिचा उपयोग आहे.

हेसुद्धा पहा

• अंदाजपत्रक
• जमाखर्च
• बचत
• मोतोको हानी
• मेइजी काळ