सडा ओसाड नव्हे

राजापूर तालुक्यातील काशेळीस कनकादित्याचे दर्शन घेऊन आम्ही सड्यावर गेलो. पावसाळ्यात रानफुलांनी नटणारा व उन्हाळ्यात करपणारा हा जांभ्याचा माळ. त्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला असून त्याच्या रेषांच्या आत इतर अनेक प्राणी आहेत. गावच्या ताम्रपटावर भोज शिलाहाराचे नाव व शके १११३ (इ. स. ११९१) आहे, हत्तीस मात्र ना राजा, ना शक. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणच्या कातळशिल्पांसह गोव्यातील कुशावतीकाठची शिल्पेही नोंदली गेली. तरीही सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी चालूच आहेत. ताम्रपट आपण जिवापाड जपतो. मग अक्षरापूर्वी कातळावर लिहिणाऱ्या पूर्वजांचा लेख चिऱ्याच्या भावाने विकावा काय?