गाळणं आणि नारू

आज्जीच्या घरी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पाणी माठात पडत नसे. गाळून झालं की ती गाळणं उलटं करायची, त्यावर गाळलेल्याच पाण्याची धार सोडायची आणि ते पाणी पुढच्या खेपेला गावच्या पायऱ्यांच्या विहिरीत नेऊन सोडायची. हीच आपली जिवाणी. "ज्याचं घर त्याला," एवढंच ती म्हणे. रोगराईचं नाव तिच्या तोंडी कधी नसे.

गावात नारू मात्र होता. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची आणि फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. दोन-दोन हात लांब. काडीला गुंडाळत तो रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस ऐन सुगीत खाटेवर.

हा जंत शिरतो कुठून? पायातून निघतो, तर पायातूनच शिरत असेल, असं भल्याभल्यांना वाटे. 1870 च्या सुमारास अलेक्सेई फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने मध्य आशियात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की नारूची पिल्लं सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या इवल्याशा जिवात शिरतात आणि तिथंच वाढतात. पण पुढे ती माणसात येतात, याचा पुरावा हवा होता. रॉबर्ट लायपर यांनी 1905 नंतर आफ्रिकेत तो शोधला. पोटात असतं तसं सौम्य आम्ल घातल्यावर सायक्लॉप्स मेले, पिल्लं मात्र वळवळत बाहेर आली. मग त्यांनी असे सायक्लॉप्स केळ्यातून एका माकडाला खाऊ घातले. सहा महिन्यांनी माकडाच्या शरीरात नारू सापडले. पुढे मुंबईत डॉ. तर्खड यांनी माणसांवरही हे दाखवून दिलं.

फेरा उलगडला. आग थंडावावी म्हणून रोगी विहिरीत पाय बुडवतो, जंत पिल्लं सोडतो, सायक्लॉप्स ती गिळतो आणि आपण सायक्लॉप्स पितो.

आपल्यात काहीजणी अभिमानानं म्हणतात, "बघा, आपल्या शास्त्राला सगळं आधीच ठाऊक होतं." मला तसं म्हणवत नाही. ठाऊक असतं, तर आज्जीनं ते जीव त्याच विहिरीत सोडले असते का? कापडानं आमचं घर राखलं. पण त्याच विहिरीचं पाणी न गाळता पिणाऱ्यांचं काय? तिनं गाळलं ते दयेपोटी. नारू टळला, हे आपोआप पदरात पडलेलं पुण्य. दया आणि ज्ञान या दोन गोष्टी आहेत, आणि एकीनं दुसरीचं श्रेय घेऊ नये.

1980 च्या दशकात सरकारनं नारूनिर्मूलन हाती घेतलं. घरोघरी गाळणी वाटली, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा बांधून घेतल्या, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारलेही. ते शेवटचं आज्जीला रुचलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण 1996 च्या जुलैत देशातला शेवटचा रोगी राजस्थानात आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आज्जीचं गाळणं अजून माझ्याकडे आहे. कापड तेच होतं. कारण कळलं, तेव्हा ते एका घरचं न राहता अख्ख्या गावाचं झालं.